मागच्या चाकाची हवा पुन्हा पुन्हा जात असेल तर

प्रश्न असा आहे की, २६ इंची गिअरच्या सायकलच्या मागच्या चाकाची हवा दर आठ-दहा दिवसांनी जाते, दुकानातून पंक्चर काढून आणले की तेवढ्यापुरते चालते, मध्यंतरी नवी ट्यूबही घालून झाली, तरी फरक पडला नाही. तर आता पंक्चर घरीच काढायला शिकावे काय, आणि त्याची योग्य पद्धत कोणती?

घरी जरूर शिकावे. परंतु वर्णनावरून आपल्या चाकाचा दोष ठिगळात किंवा ट्यूबमध्ये असावा असे वाटत नाही. नवी ट्यूब घालूनही हवा जाते, याचा अर्थ ट्यूबला भोक पाडणारी वस्तू टायरमध्ये किंवा रिममध्ये तशीच राहिली आहे, किंवा हवा कमी ठेवून सायकल चालवली जात आहे. गर्दीच्या दुकानात कारागीर ट्यूब बाहेर ओढतो, भोक शोधतो, ठिगळ लावतो आणि ट्यूब परत आत सरकवतो. टायर आतून तपासायला त्याला सवड नसते आणि गिऱ्हाईकही थांबायला तयार नसते. दुरुस्तीच्या कामात इतकी वर्षे घालवल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, ठिगळ लावणे हा या कामाचा सोपा भाग आहे आणि भोक का पडले हे शोधणे हाच खरा भाग आहे. म्हणून पुढची सगळी पद्धत कारण हाती लागावे अशा बेताने सांगत आहे.

चाक सोडवण्यापूर्वीच एक खूण करावी. व्हॉल्व्ह ज्या ठिकाणी आहे तेथे टायरच्या बाजूवर खडूने रेघ ओढावी आणि चाकाची उजवी बाजू कोणती तेही लिहून ठेवावे. भोक सापडल्यावर त्या भोकासमोर टायरचा आणि रिमचा नेमका कोणता भाग होता हे या एका खुणेवरून कळते. खूण नसेल तर संपूर्ण टायर इंचाइंचाने चाचपावा लागतो. याच वेळी चाक सावकाश फिरवून बाहेरून पाहावे. काटा, खिळा किंवा काचेचा कण दिसला तर तो लगेच उपटू नये, त्याभोवती खडूने वर्तुळ करावे. उपटून टाकला की त्याची जागा पुन्हा सापडत नाही, आणि त्याचे मोडलेले टोक आत राहिले आहे की नाही हेही समजत नाही.

मागचे चाक काढताना चेन फ्रीव्हीलच्या सर्वांत लहान चकतीवर आणून ठेवावी, म्हणजे चाक सहज निघते आणि परत बसतेही. रिम ब्रेक असेल तर त्याची केबल सैल करावी. ऑइलचे डिस्क ब्रेक असतील तर चाक बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर चुकूनही दाबू नये, कारण आतले पॅड एकमेकांजवळ येतात आणि मग त्यांच्यामध्ये डिस्क शिरत नाही. पॅडच्या मधोमध पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवावी. पूर्ण चेनकव्हर, स्टँड आणि कॅरिअर असलेल्या जुन्या पद्धतीच्या २८ इंची सायकलचे मागचे चाक मात्र पंक्चरसाठी काढूच नये. ते काढून पुन्हा सरळ बसवण्यात पंक्चरपेक्षा अधिक वेळ जातो. आपल्याकडचे जुने कारागीर चाक सायकललाच ठेवून टायरची एक कड उतरवतात, ट्यूब एका बाजूने ओढून घेतात आणि ठिगळ लावून तेथूनच आत सारतात. ही पद्धत उत्तम आहे आणि घरीही जमते.

टायर उतरवताना बळापेक्षा रिमची रचना समजून घेणे उपयोगाचे ठरते. टायरच्या दोन्ही कडांमध्ये न ताणणारी तार असते आणि रिमच्या मध्यभागी एक खोलगट घळ असते. एका ठिकाणची कड त्या घळीत उतरवली की समोरच्या ठिकाणी तिला थोडी सैलसर जागा मिळते, आणि तेवढ्या जागेतूनच ती रिमच्या काठावरून बाहेर काढायची असते. म्हणून सगळी हवा सोडून, दोन्ही हातांनी टायर सभोवार दाबत कडा घळीत उतरवाव्यात आणि व्हॉल्व्हच्या नेमक्या समोरच्या बाजूने टायर लिव्हर, म्हणजे टायरची कड उचलण्याची चपटी पट्टी, घालावा. स्क्रूड्रायव्हर वापरू नये. त्याची धार ट्यूबला दुसरे भोक पाडते. प्लॅस्टिकचे दोन लिव्हर फार महाग नसतात. पहिल्या काळात हवेचा टायर रिमवर चक्क चिकटवलेला असे. बेलफास्टला राहणाऱ्या जॉन बॉइड डनलप यांनी १८८८ मध्ये पेटंट घेतलेल्या टायरचे पंक्चर काढायला कित्येक तास लागत, आणि फ्रान्समधल्या मिशलँ बंधूंनी १८९१ मध्ये हाताने उतरवता येणारा टायर पुढे आणला तो याच अडचणीवर उपाय म्हणून. आज अर्ध्या तासात घरी होणारे काम शक्य झाले ते टायर आणि रिम अशा वेगळ्या झाल्यामुळेच.

ट्यूब बाहेर काढल्यावर तिच्यात हवा भरावी आणि ती नेहमीच्या दीडपट जाड होईपर्यंत फुगवावी. मोठे भोक असेल तर आवाज येतो. आवाज आला नाही तर ट्यूब ओठांजवळून किंवा गालाजवळून सावकाश फिरवावी, कारण तेथल्या त्वचेला हवेची बारीक फुंकर बोटांपेक्षा लवकर कळते. तरीही सापडले नाही तर परातीत किंवा बादलीत पाणी घेऊन ट्यूबचा थोडा थोडा भाग किंचित ताणून बुडवावा. एक भोक सापडले म्हणून तेथे थांबू नये, पूर्ण ट्यूब फिरवून घ्यावी. बाभळीच्या फांदीवरून गेलेल्या चाकात तीन-चार भोके असणे नवलाचे नाही. भोकावर बॉलपेनने फुलीची खूण करावी आणि तिच्या रेघा ठिगळाच्या आकाराबाहेर जातील इतक्या लांब ओढाव्यात, नाहीतर घासताना खूणच पुसली जाते.

आता त्या भोकाकडे नीट पाहावे, कारण ते ट्यूबच्या कोणत्या बाजूला आहे आणि कोणत्या आकाराचे आहे यावरून कारण बहुधा कळते. टायरकडच्या म्हणजे बाहेरच्या अंगाला एकच बारीक भोक असेल तर काटा, काच किंवा तार आत आली आहे. महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यात, विशेषतः सोलापूर, अहिल्यानगर आणि मराठवाड्याकडच्या रस्त्यांवर, बाभळीचे आणि वेड्या बाभळीचे काटे पुष्कळ. पावसाळा सरला की शेताच्या बांधावरचे आणि रस्त्याकडेचे सराटे वाळतात आणि त्यांचे कठीण काटे जाड टायरलाही सहज भेदतात. महामार्गाच्या कडेने जाणाऱ्यांचा शत्रू वेगळा आहे. फुटलेल्या ट्रक-टायरमधून सुटलेले पोलादी तारेचे बारीक तुकडे तेथे विखुरलेले असतात. असा तुकडा टायरमध्ये शिरला की बाहेरून दिसत नाही, आतूनही डोळ्यांना दिसत नाही, वजन पडले की आत टोचतो आणि वजन उठले की मागे सरकतो. दर आठ-दहा दिवसांनी, जवळजवळ त्याच जागी भोक पडत असेल तर माझा पहिला संशय अशा तारेवर किंवा मोडलेल्या काट्याच्या टोकावर जातो.

दोन लहान चिरा जवळजवळ शेजारी आणि एकमेकींना समांतर दिसल्या तर काट्याचा शोध घेऊ नये. हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या काठावर किंवा गतिरोधकावर आदळते, टायर पूर्ण दबतो आणि ट्यूब रिमच्या दोन्ही कडांमध्ये चिमटते. त्याच्याच त्या दोन खुणा असतात. मागच्या चाकावर चालवणाऱ्याचे निम्म्याहून अधिक वजन असते, वर कॅरिअरवर ओझे किंवा माणूस बसला तर आणखी भर पडते, त्यामुळे हा प्रकार मागेच अधिक घडतो. यावर उपाय म्हणजे पुरेशी हवा, दुसरा कोणताही नाही.

भोक रिमकडच्या म्हणजे आतल्या अंगाला असेल तर मात्र टायर कितीही तपासला तरी काही हाती लागणार नाही, आणि दुकानात नेमकी हीच गोष्ट सर्वांत अधिक वेळा निसटते. रिमच्या आत आऱ्यांच्या निपलवरून, म्हणजे आरे रिमला आवळून धरणाऱ्या लहान नटांवरून, एक पट्टी बसवलेली असते. ती सरकली, फाटली किंवा कुजली की निपलचे डोके वा आऱ्याचे टोक ट्यूबला लागते. चाकाचा आउट म्हणजे वाकडेपणा काढताना आरे आवळले जातात, आणि त्यात एखाद्या आऱ्याचे टोक निपलच्या बाहेर येते. अलीकडे आउट काढून घेतला असेल आणि त्यानंतरच हा त्रास सुरू झाला असेल तर आधी येथे पाहावे. बाहेर आलेले टोक कानशीने सपाट घासावे आणि रिमच्या रुंदीची नवी पट्टी बसवावी. दुहेरी भिंतीच्या रिममध्ये आऱ्याची टोके आतच झाकलेली असतात, पण वरच्या भोकांमध्ये ट्यूब फुगून शिरते आणि भोकाच्या काठावर कापली जाते. तेथेही न ताणणारी, भोके पूर्ण झाकणारी पट्टी हाच इलाज आहे. चिकटपट्टीचे एक-दोन वेढे तात्पुरते चालतात, पण उन्हाने गोंद वितळला की ते सरकतात.

व्हॉल्व्हच्या बुडाशीच ट्यूब फाटली असेल तर ठिगळाच्या नादी लागू नये, ट्यूब बदलावी. हवा कमी असताना टायर रिमवर हळूहळू सरकतो, आपल्याबरोबर ट्यूबही ओढतो, आणि भोकात अडकलेला व्हॉल्व्ह तिरका होऊन बुंध्याशी चीर पडते. व्हॉल्व्ह तिरका उभा दिसला की हवा सोडून, टायर मागे फिरवून तो सरळ करावा. एवढ्याने एक ट्यूब वाचते.

कारणाचा अंदाज आला की ट्यूब टायरवर खुणेप्रमाणे व्हॉल्व्हला व्हॉल्व्ह जुळवून ठेवावी आणि भोकासमोरचा भाग तपासावा. ट्यूब उलटी धरली गेली असण्याची शक्यता असते, म्हणून व्हॉल्व्हपासून तेवढ्याच अंतरावर दुसऱ्या बाजूलाही पाहावे. टायरच्या आतून बोट फिरवताना घाई करू नये, काच खोल कापते. आधी सुती फडके किंवा कापूस फिरवावा, काटा वा तार असेल तेथे धागा अडकतो. मग टायर त्या जागी उलटा वाकवावा म्हणजे रबराच्या फटी उघडतात आणि आत रुतलेला कण वर येतो. तार चिमट्याने ओढून काढावी, काच टोकदार सुईने उकरून काढावी. टायरच्या बाहेरच्या रबरातही काचेचे कण बसलेले असतात. आज ते ट्यूबपर्यंत पोचलेले नसतात, पण रोजच्या वजनाने आत आत सरकतात. त्यामुळे एका पंक्चरच्या निमित्ताने दोन्ही टायर पूर्ण साफ करून घ्यावेत असे मी आग्रहाने सांगतो. टायरच्या कापडी थरालाच चीर पडली असेल तर आतून जुन्या टायरचा पातळ तुकडा लावावा लागतो, ज्याला दुकानात गेटर म्हणतात. चीर मोठी असेल किंवा बाजूच्या भिंतीला असेल तर टायरच बदलावा.

आता ठिगळ. ट्यूबचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि त्यावर साच्यातून सुटावी म्हणून लावलेल्या पदार्थाचा अंश असतो. त्यावर सोल्यूशन, म्हणजे ठिगळ चिकटवण्याचे रबरी द्रावण, धरत नाही. म्हणून ठिगळापेक्षा थोडा मोठा भाग पॉलिश पेपरने किंवा पंक्चरच्या किटमधल्या पत्र्याच्या खरखरीत तुकड्याने काळा, मंद दिसेपर्यंत घासावा. साच्याच्या जोडाची उभी रेघ भोकाजवळ असेल तर ती घासून पूर्ण सपाट करावी, नाहीतर तिच्या कडेने ठिगळाखाली बारीक वाट राहते आणि हवा तेथून निसटते. घासल्यावर भुकटी झटकावी आणि त्या जागी बोट लावू नये.

सोल्यूशनचा पातळ थर ठिगळापेक्षा मोठ्या भागावर पसरावा आणि मग थांबावे. घरी पंक्चर काढणाऱ्यांची सर्वाधिक ठिगळे निघून येतात ती येथे न थांबल्यामुळे. सोल्यूशनमध्ये रबर एका झटकन उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवलेले असते. ओल्यावरच ठिगळ दाबले तर तो द्रव खाली कोंडला जातो आणि पकड येत नाही. कोरड्या हवेत सुमारे पाच मिनिटे, पावसाळ्यात त्याहून अधिक वेळ, चकाकी जाईपर्यंत आणि कडेला बोट लावल्यास तार सुटणार नाही इतके सुकू द्यावे. किटमधल्या तयार ठिगळांच्या खालच्या थराची आणि सोल्यूशनची रासायनिक क्रिया होऊन ठिगळ ट्यूबशी एकजीव होते, म्हणून येथे साधा गोंद चालत नाही. ठिगळाची मागची पन्नी काढून, खालच्या बाजूला बोट न लावता, ते फुलीच्या मध्यावर ठेवावे आणि चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे जोर देऊन घासावे. कडा विशेष दाबाव्यात. वरचा पारदर्शक कागद निघत नसेल तर तसाच राहू द्यावा. ओढताना कड उचलली जाते. जुन्या ट्यूबचा तुकडा ठिगळ म्हणून वापरायचा असेल तर तोही चालतो, मात्र त्याची कडा गोल कापावी, तोही तितकाच घासावा आणि दोन्हींवर सोल्यूशन लावून दोन्ही सुकू द्यावे. शेवटी टाल्कम पावडर चोळावी, म्हणजे उरलेले सोल्यूशन टायरला चिकटत नाही. हे काम विडी-सिगारेट, चूल किंवा गॅस यांच्यापासून दूर करावे, कारण सोल्यूशनची वाफ पेट घेते.

सोल्यूशनशिवाय चिकटणारी स्टिकरसारखी ठिगळे घरापर्यंत पोचण्यासाठी ठीक आहेत, कायमची नव्हेत. नीट लावलेले ठिगळ मात्र ट्यूबच्या आयुष्यभर टिकते. एका ट्यूबला किती ठिगळे चालतात असे अनेक जण विचारतात. ठिगळे एकमेकांवर चढत नसतील आणि व्हॉल्व्हजवळ नसतील तर त्याला मर्यादा नाही.

ठिगळ लावलेली ट्यूब टायरबाहेर पूर्ण फुगवून पाहू नये, कारण मोकळी ट्यूब भलतीच ताणते आणि ताज्या ठिगळाची कड सुटते. केवळ गोल आकार येईल इतकी हवा भरून ती टायरमध्ये घालावी, म्हणजे पीळही पडत नाही. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो पाहावा, आणि टायरवरची अक्षरे व्हॉल्व्हसमोर येतील असा टायर बसवावा. पुढच्या वेळी खडूची खूण लागणार नाही. दुसरी कड व्हॉल्व्हच्या समोरून बसवायला सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवावी. शेवटचा घट्ट भाग राहिला की आधी बसलेली कड सभोवार घळीत ढकलून सैलपणा शेवटापर्यंत आणावा आणि अंगठ्यांनी किंवा तळव्याने तो भाग आत सरकवावा. येथे लिव्हर वापरल्यास ट्यूब चिमटण्याची भीती असते. त्यानंतर व्हॉल्व्ह थोडा आत दाबून पुन्हा ओढावा, म्हणजे बुंध्यापाशी कडेखाली अडकलेली ट्यूब मोकळी होते, आणि दोन्ही बाजूंनी टायर सरकवून ट्यूब कोठे डोकावत नाही ना हे पाहावे. थोडी हवा भरून चाक फिरवावे. टायरच्या भिंतीवरची बारीक रेघ रिमपासून सर्वत्र सारख्या अंतरावर दिसली की मगच पूर्ण हवा भरावी.

किती हवा भरावी हे टायरच्या भिंतीवर छापलेले असते आणि तो बहुधा कमाल आकडा किंवा किमान-कमाल पट्टा असतो. तो पीएसआयमध्ये किंवा बारमध्ये असतो. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय. कमाल आकडा गाठलाच पाहिजे असे नाही, पण किमान आकड्याखाली कधीही जाऊ नये, आणि मागे पुढच्यापेक्षा थोडी अधिक ठेवावी. अंगठ्याने दाबून अंदाज घेण्याची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे, परंतु त्यात चूक फार होते. दाबमापक असलेला पायपंप घेतला तर चिमटून होणारी पंक्चरे थांबतात. ट्यूबमधून हवा नैसर्गिकरीत्या झिरपतच असते, म्हणून काहीही बिघाड नसताना दर एक-दोन आठवड्यांनी ती तपासावीच लागते. पेट्रोलपंपावरच्या यंत्राने भरायची असेल तर क्षणभर दाबून थांबत भरावी; सायकलच्या ट्यूबमध्ये जागा इतकी थोडी असते की, काही क्षणांत ती फुटू शकते.

एवढे सगळे करूनही हवा गेली आणि पाण्यात ट्यूबला कोठेही बुडबुडा दिसला नाही, तर व्हॉल्व्ह तपासावा. जुन्या २८ इंची सायकलींच्या व्हॉल्व्हमध्ये एक बारीक रबरी नळी असते, ती उन्हाने कडक होऊन तडकते. नवी घालणे हे काही मिनिटांचे काम आहे. आपल्या २६ इंची सायकलला बहुधा मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल. हवा भरल्यावर त्याच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवावा. फुगा धरला तर आतली पिन सैल आहे, ती आवळावी किंवा बदलावी. फुगा धरला नाही तर चाक रात्रभर ठेवून सकाळी दाब पुन्हा मोजावा, आणि तो घसरलेला दिसला तर ट्यूब पुन्हा काढून, या वेळी अधिक हवा भरून, पाण्यात अगदी सावकाश फिरवावी.